तांब्या-पितळेची जुनी शस्त्रे : रणातली की पूजेतली?

आपण ज्या वस्तीत राहतो तिचे नाव जरीपटका. पत्त्यात लिहिताना किंवा रिक्षावाल्याला सांगताना हे नाव आपण दिवसातून कितीतरी वेळा घेतो. पण त्याचा अर्थ काय, असे वर्गात विचारले तर फार थोडे हात वर होतात. जरीपटका म्हणजे मराठ्यांचे जरीचे निशाण. मोहिमेवर निघणाऱ्या सरदाराच्या हाती ते दिले जाई, हत्तीवर किंवा घोड्यावर ते पुढे चाले, आणि ते पडले की फौजेचा धीर सुटे. या निशाणाने कधी कोणाचे डोके उडविले नाही, तरीही युद्धात त्याची किंमत शंभर तलवारींहून अधिक होती. माणसाने युद्धासाठी जे जे घडविले ते सगळे मारण्यासाठीच होते असे नाही, हे आपल्या वस्तीचे नावच आपणास शिकविते. या लेखाचा विषयही हाच आहे.

हा विषय मला पुस्तकात सुचला नाही. काही वर्षांपूर्वी माझा एक माजी विद्यार्थी कापडी पिशवीत एक जड वस्तू घेऊन घरी आला. त्याच्या वालिदांचा भंगाराचा धंदा. मोडीच्या भावाने आलेल्या तांब्याच्या ढिगात त्याला एक चपटे पाते दिसले. एक बाजू अरुंद, दुसरी पसरट व किंचित गोलाकार, आणि वर हिरवट कळंक. इतिहासाच्या पुस्तकात ताम्रयुगाच्या धड्यात असेच एक चित्र होते, म्हणून त्याने ते बाजूला काढले. "सर, ही कुऱ्हाड किती वर्षांची असेल?" असे त्याने विचारले. मी उलट प्रश्न केला, "ही आली कोठून? हिच्याबरोबर आणखी काय होते?" तो म्हणाला की असे आणखी पाच-सहा तुकडे होते, पण ते आदल्या दिवशीच भट्टीत गेले. माल कोणी आणून दिला, कोणत्या गावचा होता, हे दुकानात कोणालाच आठवत नव्हते.

त्या मुलाला मी त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. ते का देऊ शकलो नाही, हे त्याला व त्याच्यासारख्या इतर मुलांना समजावे, आणि पालकांनीही ते ध्यानात घ्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

गुंगेरियाचा ठेवा

आपल्या भागातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण प्रथम घेऊ. सन १८७० मध्ये बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया या गावाजवळ गुरे चारणाऱ्या दोन मुलांना जमिनीतून धातूचा एक तुकडा वर आलेला दिसला. त्यांनी तो ओढून काढला, आणखी उकरले, तेव्हा आतून एकामागून एक वस्तू निघू लागल्या. मोजदाद झाली तेव्हा तांब्याच्या ४२४ वस्तू भरल्या आणि त्यांचे वजन ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो झाले. त्यांच्यासोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे होते. बालाघाट जिल्हा आज मध्य प्रदेशात असला तरी त्या काळी तो मध्य प्रांताच्या नागपूर विभागात मोडत असे. म्हणून हा ठेवा एका अर्थी आपल्याच घरचा आहे. त्यातील काही वस्तू नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाच्या अजबबंगल्यात आल्या. काही कोलकात्याला गेल्या, तर काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचल्या.

या वस्तूंकडे नीट पाहिले तर दोन गोष्टी लक्षात येतात. तांब्याच्या वस्तू बहुतेक दोन जातीच्या आहेत. एक म्हणजे चपट्या कुऱ्हाडी आणि दुसऱ्या म्हणजे पहारीसारख्या लांबट पट्ट्या. त्यांतील मोठ्या पट्ट्यांची लांबी दोन फुटांच्या आसपास जाते. या कुऱ्हाडींनी झाड तोडता येईल, शत्रूवर वारही करता येईल. पण चांदीचे पत्रे मात्र कोणत्याच कामाचे नाहीत. त्यांतील काही साध्या गोल चकत्या आहेत आणि काही शिंगे खाली वळलेल्या बैलाच्या मुखवट्याच्या आकाराच्या आहेत. पत्रा इतका पातळ की त्याने काही कापता येत नाही, काही भरता येत नाही. तो एकतर अंगावर मिरवावा किंवा एखाद्या विधीत वापरावा.

आता विचार करा. गुंगेरियाच्या कुऱ्हाडी एकेक करून बाजारात गेल्या असत्या आणि चांदीचे पत्रे सोनाराकडे वितळले असते, तर आज आपण काय म्हटले असते? "जुन्या काळच्या तांब्याच्या कुऱ्हाडी," एवढेच. शेकडो कुऱ्हाडी आणि बैलाचे चांदीचे मुखवटे एकाच जागी पुरले होते हे कळले, म्हणूनच प्रश्न उभा राहिला. हा एखाद्या तांबटाचा विक्रीचा माल होता, संकटकाळी लपविलेली संपत्ती होती, की एखाद्या देवतेला अर्पण केलेला ठेवा होता? विद्वानांनी तिन्ही बाजूंनी मते मांडली आहेत. सामान्यतः हा ठेवा इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला मानतात. वाद मिटलेला नाही. पण वाद करता येतो आहे, हेच मोठे. ठेवा एकत्र सापडला, त्याची मोजदाद झाली आणि ती कागदावर उतरली, म्हणून हे शक्य झाले.

नागपूरभोवतीची शिळावर्तुळे

गुंगेरियाला जाण्याचीही गरज नाही. काटोल रस्त्यावर जुनापाणी, त्याच दिशेला माहूरझरी, दक्षिणेकडे टाकळघाट-खापा, उत्तरेकडे नैकुंड, अशी नागपूरच्या चहूबाजूंना दगडांची मोठमोठी वर्तुळे पसरलेली आहेत. ती सुमारे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांची दफनस्थाने होत. या वर्तुळांचा अभ्यास फार पूर्वी सुरू झाला. ज्यांच्या नावाने नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय आहे ते पाद्री स्टीफन हिस्लॉप १८६३ साली टाकळघाटची वर्तुळे पाहून परत येताना पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. पुढे १८६७ मध्ये रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याने जुनापाणी येथे वर्तुळे उकरली. तेथील वस्तूही ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. शास्त्रशुद्ध उत्खनने मात्र स्वातंत्र्यानंतर झाली. नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा येथे आणि १९७०-७२ या काळात माहूरझरी येथे काम केले.

माहूरझरीच्या थडग्यांत काय मिळाले हे पाहण्यासारखे आहे. मृताबरोबर लोखंडी कुऱ्हाडी, भाल्यांची पाती व खंजीर पुरलेले होते. लोखंडी पात्याच्या काही खंजिरांना तांब्याची मूठ होती. घोडेही पुरलेले आढळले, आणि घोड्याच्या कपाळावर व तोंडावर बांधण्याचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकार जसेच्या तसे मिळाले. म्हणजे त्या काळच्या कारागिराला कोणता धातू कोठे वापरावा हे पक्के ठाऊक होते. वार करायचा तेथे लोखंड, आणि झळकायचे तेथे तांबे.

यावरून एक सूत्र हाती येते. ज्या समाजाला लोखंड अवगत झाले आहे तो तांब्याचे शस्त्र करीत असेल, तर तेथे शोभा, मान किंवा विधी यांचा संबंध असण्याची शक्यता वाढते. लोखंड येण्यापूर्वीच्या काळात मात्र तांब्याची कुऱ्हाड ही खरोखरच कामाची कुऱ्हाड असू शकते. तांबे मऊ असते खरे. परंतु धार थंडपणी ठोकून काढली की ती बरीच कठीण होते. तांब्यात थोडे कथील मिसळले तर आणखी फरक पडतो. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली डॉ. सांकलिया व डॉ. देव यांच्या उत्खननात सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. त्यांत कथिलाचा थोडा अंश आढळला. तो मुद्दाम घातलेला असेल तर कारागिराला त्या कामासाठी मजबूत हव्या होत्या असे दिसते.

चांडोलीचा खंजीर आणि उत्तरेतील मानवाकृती

तांब्याच्या जुन्या शस्त्रांचे सर्वांत मोठे साठे गंगा-यमुनेच्या दुआबात सापडले. कानपूरजवळच्या बिठूर येथे १८२२ साली पहिला नग मिळाला. तेव्हापासून नांगरणी करताना, विहीर खणताना, कालवा काढताना अशा वस्तू सतत निघत आल्या आहेत. सन २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यात गणेशपूर गावी एक शेतकरी शेत सपाट करीत असताना ७७ ताम्रवस्तू निघाल्या. त्यांत तलवारी व मासे मारण्याचे दातेरी भालेही होते.

या साठ्यांत दोन चमत्कारिक प्रकार आढळतात. पहिला प्रकार म्हणजे मुठीच्या टोकाला किड्याच्या मिशांसारखे दोन फाटे फुटलेली तलवार. दुसरा म्हणजे ज्याला मानवाकृती म्हणतात तो नग. वर गोलसर डोके, बाजूंना आत वळलेले दोन हात, खाली फाकलेले दोन पाय. हात बाहेरून धारदार, पाय मात्र बोथट. याचा उपयोग काय? डॉ. डी. पी. अग्रवाल यांनी असे सुचविले की ही वस्तू गरगर फिरवून फेकली तर उडते पक्षी पाडता येतील. इतरांचे म्हणणे असे की यांतील काही नग इतके जड आहेत की फेकणाऱ्याचाच खांदा निखळावा. त्या अर्थी ही देवाची किंवा पूर्वजाची प्रतिमा असावी. दोन्ही मते अभ्यासू माणसांची आहेत. निर्णय लागत नाही याचे कारण एकच. यांतील बहुतेक नग शेतकऱ्याच्या हातून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून संग्राहकाकडे आणि मग संग्रहालयात आले. ते कोणत्या थरात होते, शेजारी चूल होती की थडगे होते की ओसाड माळ होता, हे कोणी लिहून ठेवले नाही.

जेथे लिहून ठेवले गेले तेथे लगेच उजेड पडला. इटावा जिल्ह्यातील सैपई येथे प्रत्यक्ष उत्खननात दातेरी भाला गेरूच्या रंगाच्या मातीच्या भांड्यांबरोबर मिळाला, तेव्हा ही शस्त्रे कोणत्या लोकांची, या प्रश्नाला आधार आला. बागपत जिल्ह्यातील सनौली येथील दफनभूमीत २००५-०६ साली आणि पुन्हा २०१८ साली मिशांच्या मुठीच्या तलवारी मृतांच्या सोबत मिळाल्या. यावरून ही तलवार मृताच्या मानमरातबाचा भाग होती एवढे तरी निश्चित झाले.

आणि आपल्या महाराष्ट्रात? पुणे जिल्ह्यातील चांडोली येथे १९६० साली झालेल्या उत्खननात अगदी याच जातीचा, पण लहान, तांब्याचा खंजीर मिळाला. मूठ तशीच दोन फाट्यांची. एवढ्या दूरच्या दोन प्रदेशांत साडेतीन हजार वर्षांपूर्वी काही तरी देवाणघेवाण होती, हे त्या एका खंजिराने सिद्ध केले. कारण तो जमिनीतून नेमका कोठून निघाला याची नोंद झाली होती. आपल्या विद्यार्थ्यांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे की या उत्खननाचे काम डॉ. देव यांच्यासोबत डॉ. झेड. डी. अन्सारी यांनी केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील हे संशोधक पुढे इनामगावच्या प्रसिद्ध उत्खननातही होते. धवलीकर व सांकलिया यांच्यासह त्यांचा इनामगावचा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टर व इंजिनियर यांच्याखेरीजही मानाचे मार्ग आहेत, हे सांगण्यासाठी एवढे उदाहरण पुरे आहे.

दायमाबादचा धडा

शस्त्रांची गोष्ट सोडून क्षणभर दायमाबादला जाऊ, कारण तेथला धडा आपल्या विषयाला तंतोतंत लागू आहे. प्रवरा नदीकाठच्या या गावी १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल या गृहस्थास झाडाचे मूळ खणताना चार जड मूर्ती मिळाल्या. त्यांत दोन बैलांचा रथ व त्यावर उभा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा होता. चौघांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. ही खेळणी नव्हेत हे उघड आहे. मिरवणुकीत ओढून न्यायच्या पूज्य वस्तू असाव्यात असे पुष्कळ अभ्यासक मानतात. भारतीय धातुकलेतील हा अमोल ठेवा होय. तो मोडीत गेला नाही, हे आपले भाग्य.

पण या मूर्ती उत्खननात न मिळता खणताना अवचित निघाल्या, म्हणून त्यांच्या काळाबद्दल वाद झाला. त्यांच्या धातूत सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे, प्रमाण स्थानिक ताम्रवस्तूंहून वेगळे निघाले, तेव्हा काहींनी त्या एवढ्या जुन्या नसाव्यात अशी शंका घेतली. पुढे १९७६ ते १९७९ या काळात डॉ. साळी यांनी तेथे मोठे उत्खनन केले आणि त्या उत्तर-हडप्पा काळच्या असाव्यात असे मत मांडले. वस्तू वाचली तरी तिची जागा अर्धवटच कळली, म्हणून शंका उरली. वस्तू वाचविणे ही अर्धी कामगिरी झाली. तिचा पत्ता वाचविणे ही उरलेली अर्धी.

तोफेला तेल आणि फुले

एखादी वस्तू एकाच वेळी शस्त्र आणि पूज्य अशी दोन्ही असू शकते काय? याचे उत्तर शोधण्यास हजारो वर्षे मागे जाण्याचे कारण नाही. विजापूरच्या बुरुजावरील मुलूख-ए-मैदान तोफ आपणांपैकी काहींनी सहलीत पाहिली असेल. ती विजापूरची नव्हे, मूळची अहमदनगरची. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात १५४९ साली मुहंमद नावाच्या रूमी, म्हणजे तुर्की, ओतकाराने ती ओतली. तांबे व कथील यांच्या घंटेच्या धातूची ही तोफ चौदा फुटांहून थोडी अधिक लांब असून तिचे वजन सुमारे ५५ टन आहे. तोंडाला सिंहाचा जबडा आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती कोरलेला आहे. ती अहमदनगरहून परांड्याच्या किल्ल्यात गेली आणि १६३२ मध्ये मुरार पंडिताने ती तेथून विजापूरला आणली.

ही तोफ मारण्यासाठीच केलेली होती यात शंका नाही. पण काळ बदलला, तोफ गप्प झाली, आणि आसपासचे लोक तिला तेल लावू लागले, फुले वाहू लागले. मग १८५४ साली इंग्रज सरकारने जुन्या निरुपयोगी तोफा व सामान विकून टाकण्याचा हुकूम काढला. या तोफेचा लिलाव झाला आणि सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची! एवढ्या कमी किमतीत ती देणे योग्य वाटले नाही, शिवाय लोकांची तिच्यावरची श्रद्धाही कानी आली; म्हणून विक्री रद्द झाली. मोडीच्या भावाने एक महान वस्तू जाता जाता राहिली, ती तेल व फुले वाहणाऱ्या अज्ञात माणसांमुळे. त्यांत सर्व जातिधर्मांचे लोक असणार.

आपल्या आसपास पाहिले तर अशी आणखी उदाहरणे मिळतात. मोहरममध्ये निघणारे पितळी किंवा तांब्याचे अलम व पंजे पाहा. त्यांतील काहींचा आकार पात्याचा असतो, काही दुधारी जुल्फिकार तलवारीचे रूप घेतात. ते रणातल्या निशाणाची आठवण करून देतात, पण रणात ते जाणार नाहीत हे घडविणाऱ्यालाही माहीत असते. दख्खनमध्ये, विशेषतः कुतुबशाहीत, असे अलम घडविण्याची कला फार उंचीला पोहोचली होती. आणि महाराष्ट्रातील कितीतरी गावांत हे पंजे हिंदू व मुसलमान मिळून बसवीत आले आहेत. गोंड बांधवांत फरसापेन नावाचा देव आहे. त्याची खूण म्हणून भाल्याचे किंवा परशूचे पाते ठेवतात. आपले नागपूर शहर वसविणारा बख्त बुलंद शहा हा गोंड राजा होता आणि त्याने इस्लाम स्वीकारला होता, हे येथे आठवावे. एकाच शहराच्या पायात परशूचा देव आणि अलम या दोन्ही परंपरा आहेत. घरोघरच्या दसऱ्याच्या शस्त्रपूजेत तर खरे हत्यार आणि पितळी त्रिशूळ एकाच पाटावर मांडलेले दिसतात.

पाच हजार वर्षांनी कोणी संशोधक आपली वस्ती उकरील तेव्हा त्याला पितळी जुल्फिकार मिळेल. ती एकटी मिळाली तर तो म्हणेल, "येथले लोक दुधारी तलवारीने लढत." ती अलमाच्या काठीसह, ताबुताच्या अवशेषांसह मिळाली तर तो खरे ते ओळखेल. आपण आज चार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांविषयी नेमक्या याच जागी उभे आहोत.

पितळेबाबत सावधगिरी

जुन्या वस्तू जमविण्याचा छंद आता पुष्कळांना आहे, आणि तो वाईट नाही. मात्र पितळेबाबत सावध राहावे. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, तर जस्ताची वाफ सुमारे ९०७ अंशालाच होते. म्हणजे भट्टीत तांबे वितळण्याआधीच जस्त उडून जाते. म्हणून भरपूर जस्ताचे पितळ करणे प्राचीन काळी अवघड होते. राजस्थानातील जावर येथे मध्ययुगात जस्त ऊर्ध्वपातनाने मोठ्या प्रमाणावर काढले जाऊ लागले, त्यानंतर पितळ खऱ्या अर्थाने सुलभ झाले. तेव्हा "ही चार हजार वर्षांची पितळी तलवार आहे," असे कोणी सांगू लागला तर पैसे खिशातच ठेवावेत.

पितळी शस्त्रे बहुधा अलीकडच्या काही शतकांतील असतात. त्यांत मूठ, म्यानाचे टोक, ढालीवरील फुले हे भाग वापरातल्या शस्त्रांचे असतात. पूर्ण पितळी पाते मात्र शोभेचे, नवसाचे किंवा निशाणाचे असण्याचा संभव जास्त. वस्तू वापरलेली की अर्पण केलेली, हे ओळखण्यास काही खुणा उपयोगी पडतात. धारेवर खाचा किंवा पुन्हा घासल्याच्या रेघा आहेत काय? मुठीला दांडा बसविण्याची सोय आहे काय, आणि तेथे झीज दिसते काय? वजन हाताला पेलण्याजोगे आहे काय? तेल, शेंदूर किंवा धुपाचा थर आहे काय? हा थर म्हणजेच पुरावा होय. पण आपल्याकडे जुनी वस्तू हाती आली की घरातली मंडळी पहिले काम करतात ते चिंच आणि राख घेऊन ती लख्ख घासण्याचे. कळंक गेला, शेंदूर गेला, आणि त्याबरोबर वस्तूची साक्षही गेली.

कायद्याची भीती आणि खरी गोष्ट

आता पालकांशी थोडे बोलायचे आहे. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांचा उदरनिर्वाह भंगार, भांडी, कारागिरी व बांधकाम यांवर चालतो. पाया खणताना, विहीर उपसताना, जुने घर पाडताना, मोडीचा ढीग निवडताना अशी वस्तू प्रथम हातात येते ती आपल्याच माणसांच्या. संशोधक नंतर येतो. आणि वस्तू हाती आली की मनात पहिला विचार येतो तो पोलिसांचा. "चौकशी मागे लागेल, त्यापेक्षा वितळवून टाका," असे म्हणणारा मनुष्य बेइमान नसतो. तो घाबरलेला असतो.

म्हणून कायदा काय म्हणतो ते जाणून घेणे बरे. जमिनीत दडलेल्या ठेव्याबाबतचा निखात निधीचा कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळवावे, असे तो सांगतो. न कळविल्यास शिक्षा होऊ शकते. पण याच कायद्यात दुसरी बाजूही आहे, आणि ती कोणी सांगत नाही. कळविणाऱ्यास हक्क आहे. सरकारने वस्तू ठेवून घेतली तर तिच्या धातूची किंमत आणि वर तिचा एकपंचमांश इतकी रक्कम देण्याची तरतूद आहे. म्हणजे कायद्याच्या मते प्रामाणिक मनुष्यास मोडीहून थोडे जास्तच मिळावयास हवे. दुसरा कायदा पुरावस्तूंचा, १९७२ चा. तो ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, त्या देशाबाहेर पाठविता येत नाहीत, आणि काही ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. घरात वाडवडिलांचे जुने हत्यार वा अलम जपून ठेवणे हा मात्र गुन्हा नव्हे.

तेव्हा अशी वस्तू दिसल्यास काय करावे? ती घासू नये, वाकवू नये, धार तपासण्यासाठी कानस लावू नये. जेथे सापडली तेथे आणखी खणू नये. गावाचे नाव, शेताचा गट नंबर, किती हात खोल, कोणत्या रंगाच्या मातीत, कोणाला, कोणत्या दिवशी, आणि सोबत खापर, हाड, राख, मणी असे काय होते, हे कागदावर लिहावे. जमल्यास छायाचित्र घ्यावे. आता ते यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. मग तहसील वा जिल्हाधिकारी कचेरीस कळवावे. एकट्याने जाण्याची भीती वाटल्यास शाळेतील शिक्षकास बरोबर न्यावे. शिक्षक नाही म्हणणार नाहीत, आणि म्हटलेच तर दुसऱ्यास विचारावे.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. मोठ्या संग्रहाची हौस पैशाने भागते; पण नोंदींचा संग्रह एका दोनशे पानी वहीत मावतो. आपल्या घरातील, मोहल्ल्यातील, आजोळच्या गावातील जुन्या तांब्या-पितळेच्या वस्तूंची यादी करा. प्रत्येकीपुढे कोणी दिली, केव्हा वापरतात, कोण घडवीत असे, एवढे आजी-आजोबांना विचारून लिहा. भंडाऱ्याची पितळी भांडी एके काळी दूरवर जात. ती घडविणारे जुने हात अजून आहेत तोवर त्यांना विचारता येईल. एखादा अलम कोणत्या सालापासून उठतो, त्याची काठी कोणी दिली, हे सांगणारे वडीलधारे आज आहेत, उद्या नसतील. वस्तू शंभर वर्षे टिकते, आठवण मात्र एका माणसाबरोबर जाते.

शेवटी त्या पात्याविषयी. माझ्या त्या विद्यार्थ्याने ते आपल्या वालिदांकडून मागून घेतले आणि त्यांनीही ते वजनाच्या हिशेबातून वगळून आनंदाने दिले. ते गुंगेरियाच्या कुऱ्हाडींच्या काळचे असेल, किंवा ऐंशी वर्षांपूर्वीच्या एखाद्या तांबटाने घडविलेले असेल. त्याने लाकूड तोडले असेल किंवा ते एखाद्या देवासमोर ठेवले गेले असेल. त्याची भावंडे भट्टीत गेली आणि त्याचे गाव हरवले, त्या दिवशी या प्रश्नांची उत्तरेही गेली. मात्र त्या मुलाने त्याच आठवड्यात दुकानात एक वही आणून ठेवली. तांबे किंवा पितळ यांचा काही वेगळा नग आला की तो बाजूला ठेवायचा आणि आणणाऱ्याचे गाव वहीत लिहायचे, असा नेम त्याच्या वालिदांनी घालून दिला. मी मध्यंतरी ती वही पाहिली. तिच्यात जुनी घंगाळी आहेत, एक तुटकी समई आहे, एका पंज्याचे बोट आहे. इतिहासाच्या दृष्टीने फार मोठे असे अद्याप काही नाही. पण उद्या एखादा गुंगेरिया त्या दुकानात आला, तर तो यापुढे निनावी जाणार नाही.